पेंगणारे गणपती

झेनची पुस्तकं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. मी ती वाईट वाचली. पण आजही कुणी माझ्यासमोर 'सोडून द्यावं माणसाने, मन हलकं होतं' असं म्हणालं की माझं डोकं फिरतं, आणि समोरच्याला कळत नाही की या बाईला एकदम झालं काय.

लग्न होऊन मी रोह्याला आले आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत, प्रयोगशाळेत लागले. नमुने तपासायचे, रजिस्टर भरायचं, वासाने डोकं दुखलं की गोळी घ्यायची. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पहिलं पुस्तक दिलं. रोजच्या जगण्यात बुद्धाचं शहाणपण कसं वापरावं, असं काहीतरी त्यात होतं. मग मी स्वतःच अशी पुस्तकं आणायला लागले. पेणला माहेरी जाताना गाडी निडी स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबायची, लोक उतरून पाय मोकळे करायचे, आणि मी मान वर न करता वाचत बसायची. भांडी घासताना भांडीच घासा, चहा पिताना चहाच प्या. हे ऐकायला मला जपान लागला. आमची आई तेच सांगायची, फक्त पाठीत धपाटा घालून.

माहेर पेणजवळच्या हमरापूरचं, गणपतीच्या कारखान्याचं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यात फळ्यांवर ओळीने मूर्ती, आणि ताटवाटीपर्यंत सगळ्या घराला लागलेला रंग. साचा भरणं, पॉलिश पेपर मारणं, अंगाचा रंग देणं ही कामं घरातलं कुणीही करायचं. डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताची. आमच्याकडे तो हात आबांचा, माझ्या वडिलांचा. ते दाराच्या उजेडात बसले की शेडमध्ये कुणी बोलत नसे. बुबुळ टाकून झालं की आबा बसल्या जागी डावीकडे सरकून बघायचे, मग उजवीकडे. दोन्हीकडून देव आपल्याकडेच बघतोय असं दिसलं की मूर्ती झाली.

एका वर्षी आबांच्या हाताला कंप सुटला. भाऊ होता, पण त्याचा हात जड, तो साच्यांचा माणूस. मी सीझनला आठवडाभर रजा काढून गेले, तेव्हा आबांनी बारीक ब्रश माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाय, तू बस." लहानपणापासून मी याच एका गोष्टीची वाट बघितली होती. एवढी वाट मी नोकरीची बघितली नाही आणि लग्नाचीही नाही. लेकीच्या हाती डोळे देतायत म्हणून चुलत्यांची तोंडं वाकडी झाली. मला तीही गोड लागली.

आता माझा शहाणपणा ऐका. माझ्या पिशवीत पुस्तक होतं आणि त्याच्या वेष्टनावर बुद्धाचं चित्र, पापण्या खाली आलेल्या, नजर स्वतःतच वळलेली. मला वाटलं, देवाच्या चेहऱ्यावर हीच शांती पाहिजे. मी वरची पापणी जाड घेतली, खाली ओढली, बुबुळ अर्धं झाकलं. एकदाही सरकून बघितलं नाही, कारण काम करताना ते कसं झालंय याचा विचार करू नये असं मी नुकतंच वाचलं होतं. दोन दिवसांत दोन फळ्या भरल्या. आबा तिकडे फिरकलेच नाहीत. नव्या हातावर नजर ठेवायची नाही, असा त्यांचा नेम होता.

तिसऱ्या दिवशी ठाण्याचा व्यापारी माल बघायला आला. फळीसमोर उभा राहिला, वाकला, आणि हसायलाच लागला. "आबा, हे देव पेंगतायत की हो. आरतीच्या आधी उठवायचे काय आम्ही?" शेडमधली माणसंही हसली. "लोक देव घरी आणतात ते त्याने आपल्याकडे बघावं म्हणून," तो म्हणाला, "आणि हा बघतोय आपल्याच पोटाकडे."

आबा डावीकडे सरकले, मग उजवीकडे. देवाने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला, सगळे डोळे पांढऱ्याने झाकले आणि उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरून एकेक डोळा पुन्हा आखायला बसले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "जा बाय, गाडी चुकंल तुजी."

चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीत मी पुस्तक उघडलं. हातातून गेलं ते जाऊ द्यावं, धरून ठेवणं हेच दुःखाचं मूळ, असं त्यात लिहिलेलंच होतं. मी ठरवून टाकलं, ब्रश गेला तर गेला. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. फक्त या कोल्ह्याने झेन वाचलं होतं.

पुढच्या सीझनला मी गेले नाही. रजा मिळत नाही असं कळवलं. मिळत होती. गणपतीत पाहुणीसारखी जायची, जेवायची, शेडमध्ये पाऊल न टाकता परत यायची. प्रयोगशाळेतल्या बायका म्हणायच्या, किती शांत झालीस गं तू. मला ते आवडायचं, हे सांगताना आज लाज वाटते. नवरा मात्र एकदा म्हणाला, "हमरापूरचं नाव काढलं की तू पान उलटतेस." त्याने यातलं काही वाचलेलं नाही, म्हणून मी त्याला माफ करून टाकलं.

असे चार सीझन गेले. आबांचा हात पार गेला. भाऊ कच्च्या मूर्ती विकायला लागला, म्हणजे रंग आणि डोळे दुसऱ्यांनी करायचे. पाचव्या वर्षी, गणपतीला अजून सहा महिने असताना, आबा वारले.

दिवसकार्य आटोपल्यावर आई आणि मी ओटीवर वाल सोलत बसलो होतो. आई सहज बोलावं तसं बोलली. "तुझा बापूस दर साली एक फळी रंगवून तशीच ठेवायचा. डोल्यांबिगर. टेम्पो भरायच्या दिवसापर्यंत."

"कशाला?"

"तू येशील म्हणून. बोलायचा, ती येईल, माझ्याशी भांडंल, ब्रश हिसकून घेईल. त्याच्या बापाने दोनदा काढून घेतला होता त्याच्याकडून. दोन्ही टायमाला भांडून घेतलान. पहिल्या खेपेला डोला कुनाचा जमतो गो?"

"मग मला सांगायचं तरी."

"भांडायला ये म्हणून कुनी सांगावा धाडतो काय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "तुला राग कसा नाय आला?"

आला होता. आबांचा, त्या व्यापाऱ्याचा, हसणाऱ्या सगळ्यांचा. चार वर्षं मी त्यालाच शांती म्हणत होते. आईला मी "आला होता," एवढंच म्हणाले.

"मग तो घेऊन यायचं होतंस," आई म्हणाली.