एक वीट मोकळी

कुणाच्याही घरात शिरले की नाना आधी कानामागे खोचलेला कापसाचा पुंजका काढायचे, चिमटीत धरायचे आणि दाराच्या चौकटीला गाल लावून उभे राहायचे. घरधन्याला रामराम त्यानंतर. पुंजक्याचे तंतू जरा थरथरले की डोळे मिटून म्हणायचे, "आठे शे," म्हणजे इथे फट आहे. मग चार बोटे खाली सरकायचे. "आठेबी शे."

जळगावात ज्यांनी त्या वेळचे हिवाळे काढले, त्यांनी हा माणूस पाहिलेला असणार. एका हातात खळीचा डबा, काखेत रद्दी कागदांचे भेंडोळे, खांद्यावर चिंध्यांची आणि वाया गेलेल्या कापसाची झोळी. घरांच्या फटी बुजवणे हा त्यांचा धंदा. असाही धंदा असतो हे लोकांना खरे वाटायचे नाही. पोरे मागून "फटवाले नाना" म्हणून ओरडायची आणि नाना मागे न बघता हात वर करायचे, जणू कुणी रामरामच केला.

ते मूळचे धुळ्याचे. उमेदीची वर्षे कापसाच्या जिनातल्या बॉयलरवर गेलेली. वाफेच्या नळ्यांचे सांधे जिथे फुसफुसतील तिथे सुतळी आणि माती ठासून भरायची, हे त्यांचे काम. डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची कातडी होती. "वाफ गयी म्हंजे कोळसा गया," हे ते मला कितीदा सांगत. पुढे जिनात नवा फिटर आला आणि नानांना घरी बसवले. तेव्हा त्यांच्या डोक्यात आले, की जिनाचा मालक एक फट राहू देत नाही आणि आपली माणसे घरात वीस ठेवून वर शेगड्या पेटवतात. उन्हाळ्यात तेच उलटे. बाहेर उन्हाच्या झळा आणि घरात त्यांना यायला वीस वाटा.

"येस तो वारा बठ्ठासले समजस," ते म्हणायचे. येणारा वारा सगळ्यांना कळतो. "जास तो कोनले समजस?"

आता माझे सांगतो. मी जुन्या लाकडाचा व्यापारी. हमालीतून वर आलो, कुणाचा हात धरून नाही. पाडलेल्या बंगल्यांची दारे, खिडक्या, तुळया घेतो आणि विकतो. भाव पाडल्याशिवाय हा पाणीसुद्धा पीत नाही, असे बाजारात माझ्याबद्दल बोलतात. बोलोत. स्वतःचे घर बांधले ते माझ्याच वखारीतल्या मालाचे. दारे-खिडक्या पाच बंगल्यांतल्या, सगळे अस्सल सागवान. फक्त एकाचेही माप चौकटीशी जुळत नव्हते. सुताराने जुळवून देतो म्हणून सांगितले आणि पट्ट्या ठोकून मोकळा झाला. त्या सुताराचे नाव कुणी काढले तर आजही माझे डोके फिरते.

नानांनी पहिल्यांदा ते घर पाहिले तेव्हा दारातच थांबले.

"शेठ, हाई घर शे का पिंजरा?"

"सागवान आहे ते, नाना! बोटाने वाजवून बघा!"

"सागच शे. वाराले काय? तो सागना बाजूथून जास."

मी त्यांना जवळजवळ हाकलून दिले. तरी त्याच वर्षी पौषात मलाच त्यांच्या दारी जावे लागले.

माझी बायको सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी. दोन तळव्यांत मावेल एवढी, आणि रडणे असे की मांजरीचे पिल्लू बरे. याआधी आमची दोन मुले गेली होती. सुईण म्हणाली, "हिला ऊब मिळाली तर जगेल. वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू देऊ नका." सातपुड्याकडून उतरणारा पौषातला वारा खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. बाळंतिणीच्या खोलीत मी तीन तीन शेगड्या ठेवल्या. कोळशाचे पोते चार दिवस पुरेना. खोलीभर धूर, बायकोचे डोळे लाल, आणि मुलीचे पाय बर्फासारखे. शेगडीची ऊब वरच्या वर निघून जात होती आणि खालून दाराच्या फटीतून वारा आत येत होता.

नाना आले. गाल लावून सगळी खोली फिरले. मग पैशाचे बोलणे झाले. त्यांनी सांगितले त्याच्या निम्म्यावर मी आणले. मुलगी आत धुगधुगी धरून होती आणि मी दारात भाव करत होतो. सवय माणसाला कुठे नेते पाहा. नाना लगेच "चालस" म्हणाले.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या पटकन निम्म्यावर येणारा माणूस कामात कुठेतरी हात आखडता घेणार, हे मला बाजाराने शिकवले होते. मी बजावले, "सगळ्या फटी. एकही उरता कामा नये."

दिवसभर ते राबले. चौकटी आणि भिंतीमधल्या भेगांत पांढऱ्या मातीचा गारा भरला. काचेच्या कडेला खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून दाबली. पट्ट्यांच्या सांध्यांत पिळलेला कापूस सुरीने खुपसला आणि त्यावर मोरचूद घातलेल्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मोरचूद कशाला विचारले तर म्हणाले, "झुरळेसना करता. त्यासले खळ गोड लागस." संध्याकाळी दोन शेगड्या बाहेर काढल्या. उरलेल्या एकीवर खोली अशी उबदार झाली, की बायकोने आठ दिवसांत पहिल्यांदा डोक्यावरून शाल काढली. मुलीचे पाय मी हातात धरून पाहिले. कोमट होते.

आणि तेव्हा माझे लक्ष वर गेले. छताच्या खाली, पूर्वेच्या भिंतीत, नानांनी एक वीट काढून भोक केले होते. फट सोडा, चक्क भोक! दाराच्या उंबऱ्यापाशीही बोटभर जागा तशीच होती.

"नाना, हे काय?"

ते डबा उचलत होते. पाठ धरली होती त्यांची. "ऱ्हाऊ द्या ते. तो जानारा वारा शे, शेठ. त्याले जाऊ द्या." एवढे बोलून निघाले.

मला काय वाटले सांगू? वाटले, निम्म्या पैशात निम्मे काम. मी संतापलो. शिडी आणली, भोकात गोणपाट कोंबले, वरून गारा थापला. उंबऱ्यापाशी गोधडीची गुंडाळी लावली आणि समाधानाने बाहेरच्या खोलीत झोपायला गेलो.

खळ नीट धरली की नाही ते पाहायला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचेच, ही नानांची पद्धत. त्यासाठी ते वेगळे काही घेत नसत. ऊन अंगणात आले होते. ओट्यावर चढता चढताच त्यांनी विचारले, "बाई उठन्या का?"

"झोपल्यात. ऊब लागली आहे ना."

नानांनी वर भिंतीकडे पाहिले. बाहेरून गोणपाटाचे टोक दिसत होते. त्या म्हाताऱ्याला मी कधी धावताना पाहिले नव्हते. त्यांनी दार खांद्याने लोटले, पायाने गोधडी उडवली, खिडकीची आपणच चिकटवलेली पट्टी फाडून तावदान ढकलले. बायको कण्हत होती, तिला मान उचलता येत नव्हती. मुलगी लोळागोळा. नानांनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि ओरडले, "भायेर! वारावर धरा तिले!"

वाऱ्यावर! ज्या वाऱ्यापासून वाचवायला मी जिवाचा आटापिटा केला, त्याच वाऱ्यात मी तिला घेऊन अंगणात उभा राहिलो. नानांनी शेगडी बाहेर ओढली, बायकोला आधार देऊन ओट्यावर बसवले. किती वेळ गेला कळले नाही. मग मुलगी शिंकली. नंतर रडली. आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा मोठ्याने रडली.

बंद खोलीत जळता कोळसा माणसाचा जीव घेतो, हे मला त्या दिवशी कळले.  नानांनी गोणपाट उपसून काढले, विटेएवढी जागा हाताने साफ केली, कागदाची फाटलेली पट्टी पुन्हा चिकटवली आणि गेले.

बायकोने डोळे उघडले तेव्हा मी मुलीला घेऊन समोर उभा होतो. तिचा समज झाला, मीच वेळेवर दार उघडले. येईल त्या बाईला ती कौतुकाने हेच सांगायची. मी गप्प राहिलो. नानाही कधी काही बोलले नाहीत. पुढे पुष्कळ वर्षांनी मी तिला खरे सांगितले. ती काय बोलली ते माझ्यापाशीच राहू द्या.

मुलगी वाढू लागली. हिवाळ्यापुरते नाना घरी यायचे, पट्ट्या बदलायचे, तिला कापसाचा पुंजका खेळायला द्यायचे. मीही आता भाव करत नसे. ते सांगत त्यापेक्षा जास्त देऊ केले तर म्हणायचे, "शेठ, ताप येल शे का?"

मग एकदा माझ्या ओळखीच्या एका सरकीवाल्याच्या घरी मी बसलो होतो. नानांचे तिथले काम संपत आले होते. जाताना त्यांनी त्या गृहस्थाला शिडीवर चढवले, मोकळ्या विटेवर तळहात ठेवायला लावला आणि म्हणाले, "आते बोला. हाई बुजावू नही."

सरकीवाला हसला. "अहो नाना, कळलं की!"

"कळनं नको. बोला."

त्याने बोलून दाखवले. नाना खाली माझ्याकडे बघत उभे होते. माझे कान तापले. घरोघर ते असेच करतात, असे सरकीवाला म्हणाला. म्हणजे गावभर हा माणूस माझा मूर्खपणा मिरवत होता! नाव घेत नव्हता एवढेच. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे टाकले. दोन हिवाळे पट्ट्या दुसऱ्या माणसाकडून लावून घेतल्या. त्यातल्या निम्म्या माघ उजाडायच्या आत लोंबल्या. रस्त्यात नाना समोर आले तर थांबायचे, तोंड उघडायचे. मी वळून जायचो.

तिसऱ्या हिवाळ्यात कापसाचा पुंजका घेऊन कुणी आलेच नाही. नाना आजारपणात बहिणीकडे धुळ्याला गेले आणि तिथेच वारले, असे कळले. ज्याच्याशी बोलणे टाकले त्याच्या दारावर जाऊ नये असे वाटत होते. तरी गेलो.

बहीण त्यांच्याहून मोठी, पाठीत वाकलेली. सगळे तिला अक्का म्हणत. मी नाव सांगितले तशी म्हणाली, "तुमी जळगावना लाकडावाला शेठ? तुमनी गोठ त्यानी सांगेल शे माले."

मी चपला काढता काढता थांबलो. "काय सांगितलं?"

"सांगे, अक्का, मनी चूक व्हयनी. शेठले नीट समजाडं नही. पाठ दुखे, घाईमां निंघी उनू. पोर मरी जाती ना मनामुळे." अक्काने पदराने नाक पुसले. "दोन दिन जेवना नही तो. तवयपशी नेम करा त्यानी. समोरलाकडथून बोलाडी लेवानं, मंगच घर सोडानं."

मला बसायला कुणी सांगितले नव्हते, पण मी खाली बसलो. विटेवर हात ठेवून बोलायला लावणे मी दोन वर्षे माझी निंदा समजत होतो, आणि ती त्या माणसाने स्वतःला लावून घेतलेली शिक्षा होती.

"अक्का," मी म्हणालो, "वीट मी बुजवली. त्यांनी नको म्हटलेलं असताना."

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पोरगी कशी शे? मरता मरताबी इचारे तो. पन इचारी कोनले? तुमी तं बोलेतच नही."

तेव्हा मी तिला सगळे सांगितले. मुलगी शाळेत जाते. दिवसभर तिचे तोंड चालू असते. हिवाळ्यात उघड्या डोक्याने फिरते आणि आईचा मार खाते. बांगड्यावाल्याशी अशी घासाघीस करते, की तो मला हात जोडतो. आवाज तर असा, की वखारीतून घरापर्यंत हाक पोचते. मी बोलत गेलो. आयुष्यात एवढे कुणापुढे बोललो नसेन.

अक्का हसली. मग मान वळवून तिने कोपऱ्यात भिंतीला उभी करून ठेवलेल्या नानांच्या खाटेकडे पाहिले.

"आयकं का रे नाना?" ती म्हणाली.