तिच्या हाताचं माप

मूठवाल्याचा एक हट्ट होता, आणि त्यापायी त्यानं कितीतरी गिऱ्हाइकं घालवली होती. सुरीला मूठ हवी असेल तर आधी मऊ मेणाचा गोळा मुठीत दाबायचा. बोटांचे खळगे उमटले की त्या मापानं तो लाकूड तासायला घ्यायचा. "माप न घेता मूठ करणारा नुसती दांडकी विकतो," असं तो तोंडावर सांगे. अशा माणसानं बायकोच्या सुरीची मूठ मात्र माप न घेताच करायला घेतली.

बायको लाकडावर नक्षी कोरायची, चाळीस वर्षं त्याच एका सुरीनं. चार महिन्यांपूर्वी तिची उजवी बाजू लुळी पडली. पाय सावरला, हात काही सावरेना. मूठ जरा जाड केली की ती पुन्हा कोरायला लागेल, असं याच्या मनानं घेतलं, आणि एकदा मनानं घेतलं की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

"बाबा, आधी आईच्या हाताचं माप घ्या ना," लेक म्हणाली.

"तिचा हात तू मला सांगतेस?"

खरं तर त्याला माप घ्यायची भीती वाटत होती.

मोडक्या खुर्चीच्या पायाचं लाकूड त्यानं आठ दिवस कानशीनं घासलं, तेल पाजलं. इतकी देखणी मूठ त्याच्या हातून जन्मात झाली नव्हती. ती सुरीला बसवून त्यानं सुरी बायकोच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटवली आणि आपला हात काढून घेतला. सुरी फरशीवर पडली.

"जरा गुळगुळीत झालीय," ती म्हणाली. त्याची समजूत घालायला तिला नेहमी काहीतरी सापडायचंच.

मग झक मारत त्यानं मेण आणलं, नेहमीपेक्षा मऊ केलं. तिनं ओठ आवळून दाबलं. कपाळावरची शीर फुगली.

"आलं का हो? सगळा जोर लावला मी."

गोळा होता तसाच गोल होता. तो खिडकीकडे वळला, आपल्याच मुठीत त्यानं मेण आवळलं आणि तिच्यापुढे धरलं. "आलं की. हे बघ."

तिनं डाव्या हाताची बोटं त्या खळग्यांतून हळूहळू फिरवली.

"ही तुमची बोटं आहेत," ती म्हणाली. "सुरी कुणाला तरी देऊन टाका आता."