सोयाबीनमधलं काळीज

वाचलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही, बोटांत टिकतं. नर्सिंगला असताना पुस्तकातली आकृती कितीदा पाहिली तरी पाटी कोरीच. पण सकाळी सडा टाकून तीच दारात रांगोळीनं काढली, शुद्ध रक्ताला लाल, अशुद्ध रक्ताला निळा रंग भरला, बाजूला नावं लिहिली, की पक्की बसायची. माझ्या सासूबाईंना, त्यांना मी आत्या म्हणते, हे बिलकुल पटत नव्हतं. "लोकाच्या दारात मोर, आमच्या दारात आतडी," असं शेजारणींना सांगायच्या.

आदल्या वर्षी तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली होती. यंदा सुटले नाही तर शिकणं बंद, असं घरात सरळ ठरलं होतं. आणि नेमकी परीक्षा तोंडावर आली असताना भावकीत मयत झाली. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत.

"आत्या, मागच्या दारी काढू का?"

"मागचं असलं तरी दारच हाय ना ते? न्हाई चालत."

"मंग माझी परीक्षा?"

त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. मला असा संताप आला, की ताट तसंच सारून उठले.

वहीत काढून पाहिलं. चिमटीत रांगोळी नसली की बोटं परकी होतात. परीक्षेच्या आदल्या दुपारीही हृदयाच्या झडपांची डोक्यात अदलाबदल होत होती. मी गच्चीवर गेले. तिथं सोयाबीन वाळत घातलं होतं. खाली बसले आणि दाण्यांतून बोटानं रेघ ओढली. खालचा काळपट स्लॅब दिसला. मग दुसरी ओढली. चार कप्पे, झडपा, रक्तवाहिन्या, पुटपुटत सगळं हृदय काढलं.

मान वर केली, तर जिन्यात आत्या. पायानं सोयाबीन फिरवायला आल्या होत्या.

"ह्ये काय काढून राह्यली?"

"काळीज."

त्या बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि पाय ओढत सोयाबीन फिरवू लागल्या. माझ्या रेघांपाशी आल्या की वळायच्या. संध्याकाळी दव पडायच्या आत बाकीचं गोळा केलं आणि तेवढ्यावर जुनं लुगडं पांघरलं.

सकाळी भोकरदनहून जालन्याची बस धरली. परीक्षक मॅडमनी विचारलं, "रक्त हृदयात कुठून येतं, कुठं जातं?" पुन्हा तेच होणार, असं वाटलं. टेबलाखाली मांडीवर बोट टेकवलं आणि हळूच फिरवलं. दाणे सरकले जणू. बोट जाईल तिकडं मी बोलत गेले.

"बास," मॅडम म्हणाल्या. "पास झालीस."

घरी पोचले तेव्हा आत्या दारातच उभ्या होत्या.

"सुटली का गं?"

"सुटले, आत्या." मला रडूच आलं.

"मंग जा जल्दी, वरचं तेवढं सोयाबीन गोळा कर. सकाळधरनं दोनदा गेल्ते मी. मला न्हाई मोडवलं."