कबुतराचा गुण

लकव्यानं माझा डावा पाय गेला. अकोल्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, रोज आधार घेऊन चाला. पण घरी आणताच बायकोनं खिडक्या लावून घेतल्या आणि अचलपूरहून आलेल्या साळ्यानं कबुतर कापून त्याचं गरम रक्त माझ्या पायाला चोळलं. "भाऊजी, उठू नोका, वारं लागन," म्हणे. शिव्या घालाव्यात तर जीभही जड. कोंदट खोलीत रक्त वाळलं, वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या. मला स्वतःच्याच पायाची शिसारी आली. दुपारी सगळे झोपल्यावर मी भिंत धरून, पाय फरफटत मोरी गाठली आणि तो साबणानं खसाखसा घासला. मागे वळलो तर दारात साळा. आनंदानं ओरडला, "ताई, पाह्य, कबुतरानं भाऊजीले चालवलं! उद्या आखीन एक आणतो."