नावाला मालकीण

माझी मावशी एका बंगल्याची मालकीण आहे आणि राहते भाड्याच्या एका खोलीत. त्याच खोलीत दाराजवळ तिचं इस्त्रीचं टेबल. छत दोन ठिकाणी गळतं. पाऊस आला की मावशी आधी लोकांचे कपडे हलवते, मग स्वतःचं अंथरूण.

बंगल्याचं प्रकरण असं. एक परदेशी बाई नोकरी संपवून आमच्या गावात कायमची राहायला आली. घरात असो की बाहेर, डोक्यावरची टोपी काढायची नाही, म्हणून सगळे तिला टोपीवालीच म्हणतात. तिला घर घ्यायचं होतं, पण परदेशी माणसाच्या नावावर इथे जमीन होत नाही. वकिलाने सांगितलं, तीस वर्षांचा भाडेपट्टा करा, नाहीतर कंपनी काढून त्या कंपनीच्या नावावर घ्या. टोपीवाली तेव्हा पन्नाशीची. "म्हणजे ऐंशीव्या वर्षी मी रस्त्यावर?" तिने विचारलं. कंपनीचा व्याप तर तिला झेपणाराच नव्हता. मग वकिलाने आवाज खाली आणला आणि म्हणाला की इथल्या एखाद्या भरवशाच्या माणसाचं नाव लावा, कायद्यात बसत नाही, पण बरेच जण करतात. टोपीवालीच्या ओळखीत असं माणूस एकच होतं, तिचे कपडे इस्त्री करणारी.

"नावाला तर नाव द्यायचंय," मावशी मला म्हणाली. "नाव काय झिजतं?"

मला तेव्हाच धडकी भरली होती, पण मावशीपुढे माझं काय चालतंय!

वीस वर्षं त्या घराची मालकीण राहून मावशीने काय केलं, तर कधी उंबरा ओलांडला नाही. दारातच कपडे घ्यायचे, दारातच द्यायचे. टोपीवालीला आपली भाषा मात्र तिनेच शिकवली, तीही दारात उभ्या उभ्या. आलेल्या माणसाला काय म्हणायचं, तर "या, तुमचंच घर समजा." टोपीवालीने ते असं घोटलं की पोस्टमनलाही ती तेच म्हणते.

यंदा बेघरांच्या सरकारी सोडतीत मावशीचं नाव लागलं. एक खोली, पण स्वतःची. आम्ही पाहायला गेलो. मावशीने नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली आणि खिडकीखाली वितींनी माप घेतलं. टेबल बरोबर बसत होतं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग चौकशीला बोलावणं आलं. साहेब तसा भला माणूस. म्हणाला, "मावशी, तुमच्या नावावर तर बंगला दिसतोय. ही योजना घर नसलेल्यांसाठी आहे."

साहेबाने कागद तिच्यापुढे सरकवला.

"बंगला खरंच तुमचा, की कुणासाठी नुसतं नाव दिलंय? तसं असेल तर सांगून टाका. तुम्हाला काही होणार नाही, खोलीही मिळेल. बंगला तेवढा सरकारजमा होईल."

मी टेबलाखालून तिला गुडघ्याने ढोसलं. सांग ना बाई, एकदा तरी स्वतःचं बघ!

"माझाच आहे," मावशी म्हणाली.

"शपथेवर सांगताय?"

"शपथेवर."

बाहेर येऊन ती जिन्याच्या पायरीवर बसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. "का खोटं बोललीस? ती खोली गेली ना हातची!"

"मग काय करू? सत्तरीच्या बाईला घराबाहेर काढू?" ती खेकसली. "आता माझं डोकं खाऊ नकोस."

थोड्या वेळाने डोळे पुसत म्हणाली, "खिडकी चांगली होती गं."

घरी जाताना टोपीवालीकडचे कपडे घ्यायचे होते. ती दारातच उभी होती, टोपी सावरत. चौकशीचं तिला काहीच माहीत नव्हतं, आणि मी तोंड उघडायच्या आत मावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"या, तुमचंच घर समजा!" टोपीवाली म्हणाली.

"समजायचं काय त्यात? आत्ताच शपथेवर सांगून आलेय," मावशी म्हणाली.

टोपीवालीला ही थट्टा फार आवडली. ती खळखळून हसली आणि इस्त्रीच्या कपड्यांचं बोचकं तिने उंबऱ्यावरून मावशीच्या हातात दिलं.