आईंच्या कमरेची डबी

या प्रकरणात मी भांडखोर ठरले, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. शिरगावात आमची वाडी आहे. तोंडलीचे मांडव, मधे केळी, कडेने नारळ. सासरे गेल्यापासून आई ती एकट्याच बघतात. मी आणि नवरा बोईसरला एकाच कारखान्यात, तो प्लँटमध्ये, मी ऑफिसात. आम्ही निघतो तेव्हा आई वाडीत गेलेल्या असतात आणि आम्ही परततो तेव्हा अंघोळ करून ओट्यावर बसलेल्या असतात. मधला दिवस कुणी बघत नाही.

गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा गुडघा सुजायला लागला. खुरपणी करून उठताना त्या केळीचा बुंधा धरायच्या. रविवारी एकदा मी ते पाहिलं आणि रात्री जेवताना विषय काढला, की वाडीत कामाला एक बाई ठेवू या. नवरा म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही, फक्त सौम्य भाषेत. पण मी हट्ट सोडला नव्हता आणि तो जरा विरघळतही होता.

तेवढ्यात गावात ते शिबिर आलं. शहरातल्या कुठल्याशा संस्थेची माणसं होती. चाळिशीपुढच्या बायका दिवसभरात किती हालचाल करतात आणि किती बसून असतात, ते त्यांना मोजायचं होतं. इलॅस्टिकच्या पट्ट्यावर काडेपेटीएवढी डबी, ती कमरेला बांधायची आणि आठवडाभर वापरायची. देताना त्यांच्यातल्या एका मुलीने बजावलं, "काकू, महाग आहे हां, पाण्यापासून जपा."

आता आमच्याकडची रीत सांगते. वाडीत जाताना अंगावरचं चांगलं उतरवून जायचं. बांगड्या, घड्याळ, कानातलं, सगळं डब्यात. वाडीत चिखल, पाटाचं पाणी, तोंडलीचा चीक. चांगली वस्तू घालायची ती काम आटोपल्यावर, चार माणसांत. आईंनी डबीलाही तोच मान दिला. सकाळी पट्टा काढून स्वच्छ रुमालात गुंडाळायच्या, कपाटात ठेवायच्या आणि संध्याकाळी हातपाय धुऊन, धुवट लुगडं नेसून बांधायच्या. मग टीव्हीपुढे बसायच्या. भजनाला जाताना तर आठवणीने बांधून गेल्या. मला हे माहीत असायचं कारणच नव्हतं, मी घरी यायची तेव्हा डबी कमरेला असायचीच.

पंधरा दिवसांनी निकाल सांगायला सगळ्यांना शाळेत बोलावलं. रविवार होता म्हणून मीही गेले. भिंतीवर पडदा लावून एकेकीचा रंगीत तक्ता दाखवत होते. हिरवं म्हणजे हालचाल, लाल म्हणजे बसणं. आईंचा तक्ता आला आणि पडदा लालभडक झाला. तिथली डॉक्टरबाई, माझ्याहूनही लहान असेल, गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुम्ही फारच बसून असता बरं का. गुडघे दुखणारच. रोज तासभर चालायला लागा."

बायका हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आमाला वाटायचं ही वाडीत राबते, ही तर राणीवानी बसते!"

आई पण हसल्या. पण दोन्ही तळहात त्यांनी पदराखाली झाकून घेतले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. अगं बाई, तळहात बघ त्यांचे! पडद्यावरून नजर काढून समोरच्या माणसाकडे एकदा बघायला काय जातं? आणि मी? मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एसीत खुर्चीवर बसते. त्याला नोकरी म्हणतात. मला कुणी शाळेत बोलावून पडद्यावर लाल केलं नाही.

घरी येताना विचारलं तेव्हा रुमालाची हकीकत कळली. डबी दिवसभर कपाटात पडून, आणि तेही सगळं आईंच्या बसण्यात धरलेलं. "माती लागली असती त्याला. दुसऱ्याची वस्तू, नासली तर काय सांगायचं गो?" आई म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. डबी कधी घातली, कधी काढली, एवढं विचारायचं ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही.

पण घरात त्या तक्त्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. नवऱ्याला शेजारणीने सांगितलं होतं. "आता बाई कशाला ठेवायची? डॉक्टरच म्हणतायत आय बसून असते," तो म्हणाला. मी रुमालाचं सांगितलं. "मशीन काय खोटं बोलेल?" म्हणाला. जिने त्याला त्याच वाडीच्या जिवावर शिकवलं, तिच्याबद्दल! आणि आई दुसऱ्या दिवसापासून, वाडीतलं सगळं काम उरकून, सुजलेल्या गुडघ्याने संध्याकाळी समुद्राकडे चालायला जाऊ लागल्या. डॉक्टरने सांगितलं होतं ना.

मी सुट्टी टाकली आणि शिबिरवाल्यांना गाठलं. डॉक्टरबाईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग यांचा डेटा आम्ही वगळू." म्हणजे आई एक तर बसलेल्या, नाही तर नाहीतच! मी इतका आवाज चढवला की शेवटी त्यांनी पुन्हा डबी दिली. या वेळी मी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ती आईंच्या कमरेला बांधली आणि काढायची नाही म्हणून शपथ घातली.

या वेळचा तक्ता हिरवागार आला. मधे थोडे लाल पट्टे होते, ते उकिडवं बसून खुरपण्याचे. त्या डबीला खुरपणं आणि टीव्ही बघणं सारखंच. पण बाकी हिरवं. डॉक्टरबाई खूश होऊन म्हणाली, "व्वा काकू! या वयात इतकी हालचाल! अशीच चालू ठेवा." आणि तो कागद मी विजयाने नवऱ्यापुढे ठेवला तेव्हा त्याने तो नीट वाचला आणि म्हणाला, "बघ. कामानेच तिची तब्येत टिकून आहे. मग बाई ठेवून तिला आजारी पाडायचं का?"

लाल आलं तेव्हा मदत नको, हिरवं आलं तेव्हाही मदत नको. कागद कसाही येवो, गुडघा आईंचाच जाणार. दोन्ही आठवडे तो दुखत होता, आणि दोन्ही कागदांवर त्याला जागा नव्हती. मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "तुला आईचं दुखणं बघायला यंत्र लागतं, तर डोळे कशाला दिलेत देवाने?" असं म्हणाले आणि अजूनही म्हणेन.

मग मी कुणाला विचारलं नाही. डोंगराकडच्या पाड्यावरून पालघरला कामासाठी येणारी एक बाई माझ्या ओळखीची होती. तिला सोमवारपासून बोलावलं. नवरा चार दिवस फुगून बसला आणि पाचव्या दिवशी त्यानेच तिला तोंडली कुठून काढायची ते दाखवलं. कामाची बाई हुशार आहे. तिने आईंच्या हातातली खुरपी पहिल्याच दिवशी काढून घेतली. महिन्याभरात सूज उतरली. मला वाटलं, जिंकले.

परवा माझी सुट्टी होती. दुपारी चहा घेऊन बाहेर आले, तर आई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. बरं वाटलं. तेवढ्यात रस्त्याने त्या दिवशी शाळेत हसलेल्या बायकांतली एक येताना दिसली. आईंनी घाईघाईने पाय ओढून घेतले, खांब धरून उठल्या आणि कोपऱ्यातला झाडू हातात घेऊन झाडलेलाच ओटा झाडायला लागल्या.

"आई, बसा ना," मी म्हटलं.

"बसते गो," त्या हळूच म्हणाल्या. "ती जाऊ दे पुढं."