साऱ्या गल्लीनं दिलेली परीक्षा

"मॅडम, ही माहिती पोरीनं घरी बसून भरली आहे," आमचे एचओडी म्हणाले. "म्हाताऱ्यांना इतके मार्क पडतात होय? मला माझा चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. तिचं नाव प्रोजेक्टमधून काढा."

पोरगी म्हणजे रुखसार. हिंगोलीतल्या आमच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला, सायकॉलॉजी घेतलेली. (नावं सगळी बदलली आहेत.) वयस्कर माणसांच्या स्मरणशक्तीवर मी काम करत होते, विद्यार्थ्यांना सोबत घेतलं होतं. टेस्ट साधी. दहा शब्द वाचून दाखवायचे, थोड्या गप्पा मारायच्या, मग आठवतील तेवढे विचारायचे. रुखसारनं ती तिच्या गावात, शिरड शहापूरला घेतली. तिच्या गल्लीतले सगळे म्हातारे मेरिटमध्ये!

मी तिला बोलावलं. तिचे डोळे भरले. "खोटं न्हाई केलं मॅडम. तुमी या, डोळ्यानं बघा."

मला राग आला होता, पण सरांचा. दुसऱ्या दिवशी एसटी पकडली.

तिच्या गल्लीतल्या संपतआबांच्या ओट्यावर टेस्ट सुरू झाली आणि लगेच उलगडा झाला. आबा अडकले की शेजारच्या भिंतीवरून आवाज, "आबा, बैल राहिला की!" समोरचे चाचा दाढी कुरवाळत "कंदील, कंदील" पुटपुटत होते. आबांच्या बायको गयाआजी माझ्या मागं बसून दोन बोटांची कात्री करून दाखवत होत्या. चारचौघांत माणूस अडला आणि आपण गप्प बसायचं? शोभतं का! शब्द आबांच्या तोंडून आला की रुखसार टिक करायची. तिलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं, ती त्याच गल्लीची.

"अगं बाई, ही तर सामुदायिक कॉपी!" मी म्हटलं. तिनं जीभ चावली.

मग तिनंच चाचांना घरी पिटाळलं. "आजी, मॅडमला चहा करा ना," म्हणून आजींना आत पाठवलं. नवे शब्द वाचले. आबांना एकही आठवेना. त्यांनी माझ्या मागं पाहिलं.

"ती कुठं गेली?"

आवाज कापत होता. रुखसारनं पेन खाली ठेवलं, त्यांचा हात धरला. "आजी चहा करून राहिल्या, आबा. बस झालं आता."

आजी दारातच उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला ठावं हाय बाई, यांच्या ध्यानात न्हाई राहत. पोरांना कळलं तर यांना शेतात एकटं जाऊ देणार न्हाईत. घरात बसून हे खचतील. म्हणून मीच सांगून राहिले."

"तुमीच सांगून राहिल्या तर डॉक्टरला कसं कळंल, आजी?" रुखसार म्हणाली. "कवा कवा औषधानं फरक पडतो. मी येते ना संगं."

कॉलेजात तिनं स्वतःच आपल्या गल्लीची सगळी माहिती रद्द करायला सांगितली. सर म्हणाले, "नाव राहू द्या. दुसऱ्या गावात पाठवा. मात्र टेस्ट दार लावून."

पुढं आम्ही तिघी आबांना हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेलो. एका जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. इंजेक्शनं सुरू आहेत. थोडा फरक आहे, सगळा नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आबा, आज वार कोणता?" आबांनी सवयीनं आजींकडं पाहिलं. आजींनी पदर तोंडावर घट्ट धरला. डोळ्यांना धार लागली, पण शब्द बाहेर सोडला नाही.

चाचणी देणाऱ्याला कुणी मदत करू नये, असं आमच्या पुस्तकात एका ओळीत लिहिलंय. लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं.